खोली नंबर चौदा, शनिवार, शेवटचा तास

त्यांना कोणी वेळ विचारली, तर ते आधी "काहून?", म्हणजे कशासाठी, असं विचारत.

विचारणाऱ्याला किती वाजले एवढंच हवं असे. पण वेळ कोणी उगाच विचारत नाही, अशी आमच्या कॉलेजच्या बडेबाबूंची खात्री होती. विचारणाऱ्याला कुठल्या तरी मास्तरचा उशीर झाकायचा असतो, नाहीतर उघडा पाडायचा असतो. ते स्वतः दोन घड्याळं वापरत, एक मनगटावर आणि एक सदऱ्याच्या आतल्या खिशात. दोन्हींत फरक दिसला तर ते शांतपणे एकाला दोष देत. दोन्हींत नेमकी एकच वेळ दिसली की मात्र अस्वस्थ होत आणि फाटकाजवळच्या सायकलवाल्याच्या भिंतीवरचं तिसरं घड्याळ बघून येत.

बडेबाबू म्हणजे हेडक्लार्क. आमच्याकडे कचेरीतल्या थोरल्या कारकुनाला तेव्हा असंच म्हणत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी भिवापूरहून नागपूरला बी.ए. करायला आलो, तेव्हा पहिल्या आठवड्यातच मला कळलं की प्राचार्य खुर्चीवर बसतात, पण कॉलेज चालतं ते बडेबाबूंच्या टाइमटेबलवर. कोणी कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या खोलीत असायचं हे ते एकटे ठरवत. मॅट्रिक झालेला माणूस एम.ए. झालेल्यांना उठवत-बसवत असे. त्यामुळे सगळे आपल्यावर टपून आहेत असं त्यांना वाटे. हे अगदीच खोटंही नव्हतं.

टाइमटेबल व्हरांड्यातल्या काचेच्या पेटीत लागे. प्रत्येक वर्गाचा एक कागद, निळ्या शाईत विषय, लाल शाईत खोलीचा नंबर, सगळं त्यांच्या हातचं. अक्षर असं टपोरं, की लांबून चष्म्याशिवाय वाचता यावं. पेटीला कुलूप आणि कुलपाची किल्ली त्यांच्या करदोड्याला. पेटी उघडायची म्हणजे त्यांना भिंतीकडे तोंड करून सदरा वर करावा लागे. तेवढा वेळ शिपायानं मध्ये उभं राहून पोरांना लांब ठेवायचं. आणि पोरं लांब गेली, की ते शिपायालाही म्हणत, "तू बी तिकडं पाह्य."

चहासाठी दोन टपऱ्या होत्या. आज कोणत्या टपरीवर जाणार हे ते आदल्या दिवशी स्वतःलाही सांगत नसावेत. मराठीच्या एका सरांनी मुलीच्या लग्नाचे पेढे त्यांच्या टेबलावर आणून ठेवले, ते नेमके टाइमटेबल लागण्याच्या आठवड्यात. बडेबाबूंनी पुडक्याला हात लावला नाही. टाइमटेबल पेटीत लागलं, कुलूप बसलं, त्यानंतर पाचव्या दिवशी त्यांनी पुडकं उघडलं. पेढे आंबले होते. त्यांनी त्यातला एक तसाच खाल्ला आणि सरांना निरोप पाठवला, की पेढा पोचला, पोरगी सुखी राहो.

प्राध्यापकांना ते पूर्ण टाइमटेबल कधीच देत नसत. ज्याचे तास त्यालाच, हाताच्या बोटाएवढ्या रुंद कागदाच्या पट्टीवर. कोणता मास्तर कधी मोकळा असतो हे दुसऱ्या मास्तरला कळलं तर दोघं मिळून काहीतरी करतील, असं त्यांचं म्हणणं. पूर्ण नकाशा फक्त त्यांच्या घरी असे, आणि तो कागदावर नसे. तो खाटेवर असे.

हे मला पुढे कळलं, त्यांच्या घरी जाऊ लागल्यावर. त्यांच्याकडे नवारीची एक जुनी खाट होती. नवारीच्या पट्ट्या आडव्या-उभ्या विणल्या की चौकटी पडतात, त्या चौकटींत ते टाइमटेबल मांडत. लांबीकडे दिवस, रुंदीकडे तास. जुन्या पोस्टकार्डांचे तुकडे करून प्रत्येकावर एका मास्तरची खूण, आणि तो तुकडा त्या त्या चौकटीत खोचलेला. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "जूनमध्ये आमच्या घरी पाहुणा आला तं त्याले खाली झोपवा लागते. खाटेवर कॉलेज झोपलं राहते."

आता माझा आणि त्यांचा संबंध कसा आला ते सांगतो.

माझे वडील भिवापूरला मिरचीच्या बाजारात हमाली करत. आई मिरचीचे देठ खुडायला जाई. धम्मदीक्षेच्या वर्षी वडील काही चालत, काही बैलगाडीनं नागपूरला गेले होते. मी तेव्हा आईच्या कडेवर होतो. परत आल्यावर त्यांनी घरातली दोन-चार कामं बदलली आणि एक गोष्ट ठरवली, की पोरगा शिकवायचा. ते स्वतः वाचू शकत नव्हते. म्हणून लिहिलेल्या गोष्टीवर त्यांचा जितका विश्वास, तितकाच माणसांवर अविश्वास. मला गाडीत बसवताना त्यांनी एकच बजावलं होतं, "आपल्यावर लोकाईची नजर राहते. कागदावर लिहून असंल तं बसजो. एक बी तास चुकवू नको."

माझं शिक्षण सरकारी स्कॉलरशिपवर होतं. स्कॉलरशिप हजेरीवर होती. पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली हजेरी गेली की नाव डिटेनच्या यादीत. मग परीक्षेला बसता येत नाही, वर्ष जातं, स्कॉलरशिप थांबते, आणि माझ्या बाबतीत शिक्षणच थांबणार होतं. मिरचीच्या काट्याजवळ माझी जागा ठरलेली होती. त्यामुळे प्रताप नगरातल्या माझ्या भाड्याच्या खोलीतून मी सायकलवर निघे, तो वर्ग उघडण्याच्या आधी पोचे. तिकडे तेव्हा घरं कमी आणि मोकळी जागा जास्त होती, आणि समोरचा वारा पडला तर उशीर होईल ही धास्ती मला रोज असे.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी मला टायफॉइड झाला. तीन आठवडे गेले. दिवाळीनंतर परत आलो, तर पेटीत नवीन टाइमटेबल लागलेलं. मी ते वहीत उतरवून घेतलं. शनिवारी शेवटच्या तासाच्या चौकटीत लिहिलं होतं: सामान्य ज्ञान, प्रा. क., खोली नंबर चौदा.

चौदा नंबरची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. मोडकी बाकं तिथे टाकलेली असत. पहिल्या शनिवारी आम्ही निम्मा वर्ग तिथे जाऊन बसलो. कोणी आलं नाही. दहा मिनिटांनी पोरं उठली. दुसऱ्या शनिवारी पाच जण होतो. तिसऱ्या शनिवारपासून मी एकटा.

लोक ऐकून हसतात, की इतका कसा भोळा. मी भोळा नव्हतो, उलट मला फार संशय होता. सामान्य ज्ञान हा विषय आमच्या अभ्यासक्रमात नाही, प्रा. क. नावाचा माणूस कॉलेजात नाही, हे मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. म्हणूनच मी उठलो नाही. मला वाटलं, हा सापळा आहे. कोण तासाला थांबतो आणि कोण पळतो हे कोणीतरी खिडकीआडून बघतं आहे, आणि पळणाऱ्यांत माझं नाव पहिलं लिहिलं जाईल. कचेरीत जाऊन विचारावं, तर बडेबाबू "काहून?" म्हणतील, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून मी बसत राहिलो. शनिवारी दुपारी इतवारी स्टेशनवरून भिवापूरकडे जाणारी छोटी गाडी सुटे. ती माझी दर वेळी चुके आणि मी रविवारी सकाळी घरी जाई. आईनं शनिवारचा माझा भात रांधायचं सोडून दिलं.

खोलीत बसून मी वाचत असे. तास संपल्याची घंटा झाली, की जाण्यापूर्वी फळ्याच्या मागच्या बाजूला खडूनं एक रेघ मारत असे. उद्या कोणी विचारलं तर आपल्याकडे काहीतरी असावं म्हणून.

नवव्या शनिवारी दार उघडलं आणि बडेबाबू आत आले. मागे पंच म्हणून शिपाई होता. मला बघून ते दारातच थांबले. मी उभा राहिलो. त्यांनी आधी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग खिशातलं काढून पाहिलं, आणि मग म्हणाले,

"काहून?"

मी सांगितलं, टाइमटेबलमध्ये लिहून आहे.

त्यांनी माझी वही घेतली, पानं उलटली, माझं गाव विचारलं, वडील काय करतात विचारलं. तुले इथं कोणी बसवलं, हा प्रश्न त्यांनी चार वेळा चार तऱ्हांनी विचारला आणि मी चारही वेळा टाइमटेबलकडे बोट दाखवलं. फळ्यामागच्या रेघा मी दाखवल्या, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवून त्या जवळून पाहिल्या. नखानं पहिली खरवडली, मग शेवटची. सगळ्या एकाच दिवशी मारलेल्या नाहीत हे बघत होते. पहिलीवर धूळ बसली होती, शेवटची ताजी होती. त्यावर त्यांचा चेहरा आणखीच पडला. मला वाटलं, यांचं समाधान झालं नाही म्हणजे मी गेलो.

खरी भानगड मला शिपायानं नंतर सांगितली. कॉलेजात एक तासांचं रजिस्टर असे. तास घेतला की मास्तरनं आपल्या चौकटीत सही करायची. बडेबाबूंना बरीच वर्षं संशय होता, की शनिवारी काही जण येत नाहीत आणि सोमवारी सगळ्या ओळीवर एका दमात आपल्या सह्या ठोकून देतात. पकडायचं कसं? म्हणून त्यांनी एक तास असा मांडला जो कोणाचाच नाही. विषय नाही, मास्तर नाही, खोली मोडकी. त्या चौकटीत ज्याची सही पडेल तो न बघता सही करणारा. आणि आधीच्या आठही शनिवारी तिथे सही पडली होती. नागरिकशास्त्राच्या सरांची. बडेबाबूंच्या मते नोकरीतला पहिला चोर त्यांना सापडला होता, आणि फक्त खोली रिकामी असते याला पंच हवा होता. तर खोलीत मी.

आठवडाभरात दोन गोष्टी झाल्या. बडेबाबूंनी सरांविरुद्ध लेखी तक्रार केली. आणि डिटेनची यादी लागली, त्यात माझं नाव होतं. मला सहा तास कमी पडत होते.

नागरिकशास्त्राचे सर वाईट माणूस नव्हते, हे मला लिहिलंच पाहिजे. ते उत्तम शिकवत. घटनेतले मूलभूत हक्क त्यांनी मला समजावले होते आणि एकदा आपलं स्वतःचं पुस्तक महिनाभर वापरायला दिलं होतं. त्यांनी मला सायकल स्टँडवर गाठलं. माझ्या सायकलच्या सीटवर हात ठेवून ते हळू आवाजात बोलले.

"तू त्या खोलीत बसत होतास हे कळलं मला. फार चांगलं केलंस. आता एवढंच सांग, की मी येत होतो. तास झाला असं ठरलं तर तुझे नऊ तास धरले जातील. यादीतून तुझं नाव निघेल. तुझंही भलं आहे त्यात."

त्या रविवारी भिवापूरला गेलो. वडील ओट्यावर बसून पायाला तेल चोळत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. यादी, सहा तास, सर काय म्हणाले ते. बडेबाबूंचा सापळाही सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो मास्तर आला होता का?"

मी म्हणालो, "नाही."

"मंग मले काहून विचारून राहिला?"

एवढंच. मग ते पुन्हा तेल चोळू लागले. आई आतून म्हणाली, वर्ष गेलं तर पोराचं काय होईल.

प्राचार्यांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. प्राचार्य, सर, बडेबाबू आणि मी. मला विचारलं गेलं तेव्हा मी म्हणालो, "मी नऊही शनिवारी होतो. सर नव्हते. कोणीच आलं नाही." माझा आवाज इतका बारीक निघाला की प्राचार्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

मला वाटलं, इथे संपलं. पण सर शांतपणे म्हणाले, की ठीक आहे, माझी सही चुकून झाली. पण तो तासच मुळात खोटा होता. जो तास अस्तित्वात नाही, तो न घेतल्याचा ठपका माझ्यावर कसा? खोटं टाइमटेबल काचेत लावून एका गरीब मुलाला नऊ आठवडे रिकाम्या खोलीत बसवलं, त्याचा जाब आधी कचेरीनं द्यावा.

प्राचार्यांना भांडण नको होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि बडेबाबूंना म्हणाले, "हे बघा. तास खोटा म्हणत असाल तर तुमची तक्रार मी पुढे पाठवतो. पण मग या मुलाचे नऊ तासही खोटे, आणि हा डिटेन. तास खरा म्हणत असाल तर मुलाची हजेरी धरू. पण मग रजिस्टरमधली सहीही खरी धरावी लागेल, आणि तक्रार मागे घ्यावी लागेल. दोन्ही एकदम होणार नाही. एक काहीतरी लिहून द्या."

बडेबाबूंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून आठवते, कारण तिच्यात दया वगैरे काही नव्हतं. ते मला जोखत होते. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं. त्यांना वाटत होतं, की मीच सरांचा डाव आहे. सापळा सरांना आधीच कळला आणि त्यांनी एक गरीब दिसणारा पोरगा तिथे आणून बसवला. बडेबाबूंना नेमक्या याच पेचात आणायचं, की पोराला वाचवायचं असेल तर चोर सोडा. त्यांच्या जागी बसून पाहिलं तर हे पटण्यासारखंच होतं. नऊ शनिवार रिकाम्या खोलीत कोण बसतं?

त्यांनी कागद मागितला. टपोऱ्या अक्षरात तीन ओळी लिहिल्या. मी बाजूलाच उभा होतो, मला वाचता आल्या. तास टाइमटेबलात होता. विद्यार्थी हजर होता. रजिस्टरमधली सही कोणाची, हे मी विचारत नाही.

दोन घड्याळं बाळगणाऱ्या माणसानं "मी विचारत नाही" असं लिहून खाली सही केली.

व्हरांड्यात मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर ते दोन पावलं मागे सरकले. म्हणाले, "राहू दे गा. तू त्या मास्तरनं बसवलेला पोट्टा असशील तं आज मी हरलो. नसशील तं का झालं, ते मलेच मालूम नाही. पण मालूम पडन. आज नाही तं उद्या पडन."

मी परीक्षेला बसलो. पास झालो. पुढे एम.ए. झालो आणि नागपुरातच दुसऱ्या एका कॉलेजात लागलो. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून पगार घेणारा मी पहिला. सरांनीही पुढच्या वर्षी मला मनापासून शिकवलं. त्या प्रकरणाचा त्यांनी कधी उल्लेख केला नाही, आणि शनिवारी ते येऊ लागले. बडेबाबूंना मात्र पोरं पेटीसमोर उभं राहून ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, की प्रा. क. आले का. स्टाफरूममध्येही हसू होई. टाइमटेबल त्यांच्याकडेच राहिलं, पण त्याचा दरारा गेला.

मी दर वर्षी, मिरचीचा हंगाम झाला की, आईनं निवडून दिलेली मिरची घेऊन त्यांच्या घरी जात असे. ते एक मिरची मोडत, नाकाशी नेत, ठसकत आणि डोळे पुसत विचारत, "भिवापुरीच आहे कशावरून?" काकू आतून म्हणत, "बापा, आता तरी घ्या ना, पोरगं एवढ्या दुरून घेऊन येते." मग मिरची आत जाई, चहा बाहेर येई, आणि मी निघताना दारात ठरलेला प्रश्न येई.

"आता तं तू नोकरीले लागला. कोणाची भीती नाही. खरं सांगजो, तुले त्या खोलीत कोणी बसवलं होतं?"

मी दर वर्षी तेच उत्तर देई, "टाइमटेबलमध्ये होतं म्हणून बसलो, बडेबाबू." ते मान हलवत. होकारार्थी नाही, नकारार्थीही नाही. माझं लग्न झालं त्या वर्षी त्यांनी मला सोडून माझ्या बायकोला विचारलं, की हा घरात कधी काही बोलला का.

एखाद्या वेळी मला राग येई. ज्या माणसानं माझं वर्ष वाचवलं, तोच मला वर्षानुवर्षं लबाड समजतो, हे डोक्यात बसत नसे. वडिलांना एकदा तसं म्हणालो. ते म्हणाले, भरोसा असता आणि केलं असतं तर त्यात काय मोठं होतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या कॉलेजचं टाइमटेबल करायचं काम माझ्याकडे आलं. त्याच वर्षी नागपूरच्या सदर भागात एक कॉम्प्युटरवाल्याचं ऑफिस उघडलं होतं. संस्थेनं ठरवलं की टाइमटेबल तिथून करून घ्यायचं. मी फॉर्म भरून दिले. कोणाचे किती तास, खोल्या किती, वर्ग किती. आठ दिवसांनी दोन्ही कडांना भोकं असलेला, घडीघडीचा लांबलचक कागद मिळाला. आमच्या प्राध्यापकांनी त्यात एक चूक शोधून काढायची पैज लावली आणि हरले.

तो कागद घेऊन मी बडेबाबूंकडे गेलो. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पाय सुजलेले असत, बहुतेक वेळ ते त्याच नवारीच्या खाटेवर असत. मला वाटलं होतं, ते चूक काढतील, आणि काढावी असंही वाटत होतं. त्यांनी उठून बसून कागद खाटेवर उलगडायला लावला. तो पायथ्याकडून खाली लोंबू लागला. बोटानं ते एकेक चौकट बघत गेले, पुरा अर्धा तास. मग म्हणाले, "गलती नाही."

थोड्या वेळानं कागद पालथा करून पाहिला. पुन्हा सुलटा केला.

"पण याच्यावर कोणाचं अक्षर नाही गा. उद्या एखादा पोट्टा भलत्या खोलीत जाऊन बसला, तं त्यानं कोणाचं नाव सांगावं?"

ते उशीला टेकले. मग नेहमीचा प्रश्न आला, पण या वेळी दारात नाही आणि आवाजही पहिल्यासारखा नाही. म्हणाले, "आता माझे किती दिवस राहिले. तुले कोणी बसवलं होतं, सांगून टाक."

मी "टाइमटेबल" म्हणायला तोंड उघडलं होतं. समोर खाटेवर तो कोणाचंच अक्षर नसलेला कागद पसरला होता. मी म्हणालो,

"तुम्ही बसवलं होतं. अक्षर तुमचं होतं. दुसऱ्या कोणाचं असतं, तं मी बी बाकीच्या पोरांसंगं उठून गेलो असतो."

त्यांचं बोट नवारीच्या पट्ट्यांवरून फिरत होतं. आत काकूंनी भांड्यांचा आवाज थांबवला होता.

"मंग इतके वर्षं टाइमटेबल, टाइमटेबल काहून करून राहिला होता?" ते म्हणाले. "टाइमटेबल कोणाले बसवत नसते. माणूस बसवते. मी माणसाचं नाव विचारत होतो."

मी म्हणालो, चुकलं.

"मीच होतो म्हणते हा." हे त्यांनी आतल्या दिशेनं, काकूंना ऐकू जाईल असं सांगितलं. मग माझ्या खिशातला पेन त्यांनी स्वतःच काढून माझ्यापुढे धरला. "खाली नाव लिही. तुझं, हातानं. अन् सही कर. कोणाले तरी धरता आलं पाहिजे."

मी कागदाच्या शेवटच्या घडीवर नाव लिहिलं, सही केली. त्यांनी कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला, डोळे बारीक केले, आणि माझ्याकडे वळून विचारलं,

"हे सही तुझीच कशावरून?"

मी त्यांच्यासमोर, पहिलीच्या खाली, दुसऱ्यांदा सही केली. त्यांनी दोन्ही सह्या बोट लावून अक्षरन् अक्षर जुळवून पाहिल्या. मग त्या लांब कागदाच्या एकावर एक घड्या घातल्या आणि तो माझ्या हातात दिला.